सागरी ऐतिहासिक परिस्थितिविज्ञान : प्रशिक्षण

समुद्रात पूर्वी मासळी किती होती आणि मासेमारीने तिचे काय झाले, हे जुनी दप्तरे, उत्खननातली हाडे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे शोधण्याचे शिक्षण. मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळातला समुद्रच मूळचा धरून चालते, असे डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडले. त्याआधीचा समुद्र गाठायचा, तर शास्त्रीय मोजणीपूर्वीच्या कागदांकडेच वळावे लागते. ‘सागरी जीवगणना’ (२०००–१०) या प्रकल्पाच्या इतिहास-शाखेने इतिहास आणि विज्ञान या दोन्हीकडचे अभ्यासक एकत्र आणले. २०१९ पासून ‘सीचेंजेस’ या युरोपीय जाळ्यात पीएच.डी.चे विद्यार्थी पुरातत्त्व आणि सागरी जीवशास्त्र बरोबरच शिकले. मात्र दोन विषयांचे तास एका वेळापत्रकात बसवले की काम झाले, असे नाही. साधनावर शंका कशी घ्यायची, हे दोघांना एकत्र शिकावे लागते.

मॅसॅच्युसेट्समधील बेव्हर्ली बंदराच्या गलबतांच्या रोजनिशा याचा उत्तम दाखला आहेत. १८५० च्या दशकात ही गलबते नोव्हा स्कोशियाजवळ हातगळाने कॉड धरीत. दिवसभरात किती मासे लागले, याचा आकडा रोजनिशीत चढे. या नोंदींवरून न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील इतिहासकार व परिस्थितिवैज्ञानिकांच्या गटाने २००५ मध्ये १८५२ चा तिथला कॉडसाठा सुमारे १२.६ लाख टन ठरवला. त्यांच्या काळात तो ५०,००० टनांच्याही आत होता. यावर सरळ आक्षेप असा की, सरकारी अनुदानासाठी लिहिलेल्या वह्यांवर विश्वास का ठेवावा? आक्षेप रास्तच आहे, पण त्याचे उत्तर कायद्यात आहे. अनुदान मिळे ते गलबताचे आकारमान आणि कॉडच्या मासेमारीत घालवलेला काळ पाहून. मासे जास्त दाखवून पदरात काही पडत नसे. खोटेपणा असलाच, तर तो दिवसांच्या हिशोबात शोधायचा. मोह नेमका कुठे होता हे इतिहासकार सांगतो. दिवस फुगवले तर रोजच्या सरासरीचे आणि पर्यायाने अंदाजाचे काय होईल, हे संख्याशास्त्र जाणणारा तपासतो. एकट्याने वाचणारा एक तर सगळे खरे मानील, नाही तर सगळे फेकून देईल.

दुसरा आक्षेप हवामानाचा : घट पाण्याच्या तापमानामुळे झाली नसेल कशावरून? तापमानाचा वाटा असू शकतो, आणि म्हणूनच हाडांतली समस्थानिके व प्राचीन डीएनए वाचणारेही या वर्गात हवेत. ‘असा विद्यार्थी ना धड इतिहासकार, ना धड वैज्ञानिक’ ही तक्रार विद्यापीठांच्या नेमणूकपद्धतीला लागू पडते, अभ्यासाला नाही. एका शाखेत पक्का पाय आणि दुसरीचा पुरावा पारखण्याइतकी जाण, एवढीच इथली अपेक्षा आहे.