कार्बनविरहित कागद ते डाळिंबाची साल

फळांमधील उपयुक्त द्रव्ये नॅनोकणांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाने मोजाव्या लागणाऱ्या कणांत, कोंडून ती शरीरात सावकाश सोडण्याच्या तंत्राचा इतिहास हा मुख्यतः आवरणाचा इतिहास असून, ते आवरण फळांसाठी तर नाहीच, पण औषधांसाठीही प्रथम घडवले गेले नव्हते. विरघळलेला पदार्थ द्रावणातून दाट थेंबांच्या रूपाने वेगळा होण्याच्या क्रियेला बुंगेनबर्ग द योंग आणि क्रॉइट या डच रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये कोॲसर्व्हेशन असे नाव दिले. तिच्याच आधारे अमेरिकेतील डेटन येथे, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, बॅरेट ग्रीन यांनी रंगद्रव्य मिसळलेल्या तेलाचे बारीक थेंब जिलेटिन आणि बाभळीच्या जवळच्या झाडाचा डिंक यांच्या द्रावणात घुसळले. द्रावण किंचित आम्लधर्मी करताच विरुद्ध विद्युतभारामुळे जिलेटिन व डिंक एकमेकांना धरत आणि प्रत्येक थेंबाभोवती त्यांचा पापुद्रा जमे. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या कार्बनविरहित कागदावर लेखणीचा दाब पडला की या कुप्या फुटत, आणि आतले रंगहीन द्रव्य खालच्या कागदावरील मातीच्या लेपाला लागताच निळे अक्षर उमटे.

औषधासाठी दाबाने फुटणारे नव्हे, तर शरीरात हळूहळू झिजणारे आवरण हवे होते, आणि ते शल्यक्रियेच्या क्षेत्रातून आले. १९७० च्या दशकात रुळलेल्या, आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांत लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून केलेली बहुवारिके, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्या, असत. पाण्याने त्या तुटत जातात आणि उरलेली आम्ले शरीर पचवते. अशाच बहुवारिकाच्या सूक्ष्मगोलांत भरलेल्या ल्युप्रोलाइडला, प्रोस्टेटच्या कर्करोगावर महिन्यातून एकदा टोचायच्या औषधाला, १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

फळांतील द्रव्यांकडे हे तंत्र उशिरा वळले. अतिसारावर डाळिंबाची साल देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्याच सालीत आढळणारे एलॅजिक आम्ल मात्र पाण्यात जेमतेम विरघळते, बहुतेक द्रावकांतही नीट विरघळत नाही, आणि म्हणून आतड्यातून रक्तात फारच थोडे पोचते. मोहालीच्या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा सहद्रावक वापरून ते टाक्यांच्या धाग्याच्याच जातीच्या बहुवारिकात कोंडले. खरी अडचण आवरणाची नसून आत भरायच्या द्रव्याची होती, हे दाखवून देणारे काम म्हणून त्याचे मोल विशेष मानावे लागते. औषधाच्या दर्जाचे हे बहुवारिक महाग असल्याने अन्नपदार्थांसाठी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानकडे लक्ष गेले, कारण सौम्य आम्लात विरघळवून त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट मिसळले की सेंद्रिय द्रावकाविनाच त्याचे नॅनोकण तयार होतात.