ठासणीची बंदूक आणि परवान्याचे शुल्क

जयगडच्या घरात आजोबांच्या पेटीत बंदुकीच्या परवान्याची वही सापडली. बंदूक ठासणीची, वरकस जमिनीतली नाचणी डुकरांपासून राखायला घेतलेली. नूतनीकरणाचे शिक्के वर्षानुवर्षे पडलेले आणि मग एकदम थांबलेले. आजी सांगायची, शुल्कापेक्षा रत्नागिरीच्या फेऱ्याच महाग पडत. एका फेरीला एक दिवस मोडे, आणि तेवढ्यात काम होईलच असे नसे. शेवटी जमा केलेली बंदूक आजोबांनी परत आणली नाही. त्या वहीमुळे मी शस्त्र कायद्याच्या इतिहासात शिरलो.

जयगडचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, पण घराघरातल्या हत्यारांवर कायद्याची पकड आवळली ती १८५७ नंतर. लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. तेव्हा खरा अन्याय शुल्काच्या आकड्यात नव्हता. तो कोणी भरायचे यात होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो घटनेत आणण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. मला तो विरोध योग्यच वाटतो.

हक्क गेला तरी १९५९ च्या कायद्यात शेतकऱ्यासाठी जागा राहिली. पिकांच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असे कलम १३ सांगते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम १४ बजावते. कलम १६ नुसार निरनिराळ्या परवान्यांना निरनिराळे शुल्क लावता येते. ही तिन्ही कलमे एकत्र वाचली की रास्त शुल्काचे माप हाती येते: शहरातल्या पिस्तुलाला आणि नाचणीच्या राखणीला एकच दर नको. नाहीतर कलम १४ ने बाहेर काढलेली मालमत्तेची अट शुल्काच्या दाराने परत आत येते.

स्वस्त परवान्याने गावोगाव बंदुका होतील, असे कोणी म्हणेल. पण माणूस पारखायचा तो पोलीस चौकशीने. शुल्काने फक्त खिसा पारखला जातो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच.

२०१६ च्या नियमांनी शुल्क वाढवले आणि प्रशिक्षणाची अटही घातली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे केली. आजोबांच्या दृष्टीने हा दुसरा बदल मोठा ठरला असता, कारण फेऱ्या कमी झाल्या असत्या. बंदूक गेल्यावर ते माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा वाजवीत. पुढे त्यांनी त्या तुकड्यात नाचणी लावणेच सोडले.