सत्त्याहत्तरचा निकाल आणि आम्ही पोरं

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि आमच्या वाड्यातली मोठी माणसं कुजबुजत बोलू लागली. शेजारचे काका 'मिसा'खाली येरवड्यात. शाळेत यातलं काही बोलायचं नाही, ही ताकीद. मिसात ना खटला, ना तारीख. अटकेचं कारणसुद्धा सरकारने सांगायची गरज नव्हती. मग "बाबा कधी येणार?" याला काकू तरी काय उत्तर देणार?

मार्च १९७७ मध्ये रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिराबाईंना हरवलं. वाड्यात पेढे वाटले. काकांच्या धाकटीने पेढा हातातच धरून विचारलं, "म्हणजे उद्या येणार?" जनता पक्ष, बहुमत वगैरे तिच्या गावीही नव्हतं. (आमच्याही नव्हतं म्हणा!)

समोरच्या काँग्रेसवाल्या आजोबांचा नातू मात्र दोन दिवस खेळायला उतरला नाही. आता आपल्या आजोबांना नेणार, असं त्याला वाटत होतं.