बहराची तारीख

जपानला जाऊन साकुरा, म्हणजे चेरीची फुले पाहायची, असे आम्हा भावंडांच्या मनाने घेतले त्याला आता काही वर्षे झाली. आम्ही कोल्हापूरचे. फुले म्हटली की आम्हाला महाद्वार रोडवरचे गजरे आणि उरुसातली फुलांची चादर आठवते. फुले पाहण्यासाठी कोणी समुद्र ओलांडतो, हे आमच्या घरात नवीनच होते. तरीही एक दोनशे पानी वही केली. विमानाचे भाडे, व्हिसाची कागदपत्रे, हलाल जेवण कोठे मिळेल, जुम्म्याची नमाज कोठे पढता येईल, अशी टिपणे तिच्यात जमू लागली. एके दिवशी ती वही अम्मीच्या हाती पडली. तिने ती शांतपणे चाळली आणि घरच्या बोलीत एवढेच विचारले, "हज हुआ नै अजून, अन् फूलां देखने जपान जाते?"

या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. अब्बा हजची इच्छा मनात ठेवूनच गेले. त्यांच्या तरुणपणी लोक मुंबईहून बोटीने हजला जात. १९९५ मध्ये ती बोट बंद झाली, विमानाचा खर्च वाढत गेला आणि आम्हा मुलांच्या शिक्षणातून त्यांच्या हाती काही उरलेच नाही. अशा घरात फुलांच्या प्रवासाची वही म्हणजे चैन ठरणारच. अम्मीला उलट बोलण्याचा आमचा रिवाज नाही. पण प्रश्न मनातून जाईना. निव्वळ फुले पाहण्यासाठी प्रवास करणे ही खरोखरच परक्यांची रीत आहे का? आम्ही इतिहासाची पुस्तके उघडली.

प्रथम जपानचेच पाहू. तेथे या रिवाजाला 'हानामी' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणे. सुरुवातीला तेथील सरदार-दरकदार चीनच्या अनुकरणाने उमे नावाच्या आलुबुखाऱ्याच्या जातीतल्या झाडाचा बहर पाहत. आठव्या शतकातल्या त्यांच्या काव्यसंग्रहात चेरीपेक्षा उमेवरच्या कविता जास्त आहेत. पुढे चेरीने बाजी मारली. इसवी सन ८१२ मध्ये सम्राट सागा याने क्योतोच्या राजबागेत फुलांची मेजवानी दिल्याची नोंद आहे. तेव्हापासून दरबारी लोकांनी आणि मठातल्या भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत बहराचा दिवस लिहून ठेवला. यासुयुकी आओनो या जपानी संशोधकाने या जुन्या रोजनिश्या वाचून बाराशे वर्षांच्या तारखा एकत्र केल्या. या यादीत पूर्ण बहराची सर्वांत लवकरची जुनी तारीख १४०९ सालची, २७ मार्च, अशी होती. २०२१ मध्ये क्योतोचा बहर २६ मार्चला आला आणि सहाशे वर्षांचा तो विक्रम मोडला. पृथ्वी तापते आहे याची साक्ष देणारे हे कागद त्या जुन्या लोकांनी केवळ आवडीपोटी लिहिले होते.

फुलांच्या या शौकात सत्तेचा डौलही होता. १५९८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने क्योतोजवळच्या दाइगो-जी मंदिराच्या आवारात सातशे चेरीची झाडे आणून लावली आणि सुमारे तेराशे पाहुण्यांना बहर दाखवला. त्याच वर्षी तो वारला. सामान्य माणसाला हे सुख मिळाले ते अठराव्या शतकात. १७२० च्या सुमारास शोगुन योशिमुने याने एदो, म्हणजे आजच्या तोक्योच्या परिसरात लोकांसाठी चेरीची झाडे लावली आणि शहरातले कारागीर, दुकानदार डबे बांधून झाडांखाली बसू लागले.

या फुलांना एक काळी बाजूही आहे. पाकळ्या कोमेजण्याआधीच गळतात, तसे सैनिकाने सम्राटासाठी गळून पडावे, अशी शिकवण विसाव्या शतकात तेथे दिली गेली. १९४५ मध्ये तरुण वैमानिकांना ज्या आत्मघाती विमानात बसवले त्याचे नाव 'ओका' ठेवले होते. ओका म्हणजे चेरीचे फूल. फुलाचा काही दोष नव्हता, ते माणसांच्या हाती सापडले होते.

आता आपल्याकडे येऊ. हिदेयोशी दाइगोला पाहुणे जमवत होता तेव्हा उत्तरेत अकबर आणि विजापुरात दुसरा इब्राहिम आदिलशाह राज्य करत होते. अकबराचा आजोबा बाबर हा फुलांचा किती वेडा होता हे त्याच्या आत्मचरित्रात दिसते. काबूलच्या टेकड्यांवरचे लाला, म्हणजे ट्युलिप, त्याने माणसे लावून मोजून घेतले. ते बत्तीस-तेहेतीस प्रकारचे निघाले. काबूलच्या उत्तरेला ख्वाजा सेह यारान नावाच्या झऱ्यापाशी अर्गवानाची झाडे होती. ती फुलली की त्या जागेच्या तोडीची जागा जगात कोठे असेल असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. मूळ तुर्कीतले हे पुस्तक अब्दुर्रहीम खानखानानने १५८९ मध्ये फारसीत आणले. हाच खानखानान पुढे अनेक वर्षे दख्खनच्या मोहिमांवर होता.

बाबराच्या पणतूने तर प्रवासाचा बेतच बहरावर बांधला. १६२० चा वसंत गाठायचा म्हणून जहांगीर बर्फातून, अवघड घाटांतून काश्मीरला पोहोचला. तेथल्या घरांच्या मातीच्या धाब्यांवर लोक लाल्याचे कंद लावत आणि वसंतात सारे छप्पर फुलून येई, हे त्याने हौसेने टिपले आहे. 'नादिर-उल-अस्र' उस्ताद मन्सूरने तेथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली. त्यातली फार थोडी उरली आहेत. एक लाल ट्युलिप अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे.

आणि चेरी? तीही जहांगीरच्या लिखाणात भेटते. तिला तो शाहआलू म्हणतो. आपल्या वडिलांच्या आधी काश्मिरात हे झाड नव्हते, मुहम्मद कुली अफशारने ते काबूलहून आणून त्याचे कलम केले, असे तो सांगतो. हे वाचताना 'कलम' या शब्दापाशी आम्ही थांबलो. लिहितात तेही कलम आणि हापूसचे बांधतात तेही कलम. जपानात आज जो साकुरा सर्वत्र दिसतो, तो सोमेई-योशिनो, तोही कलमाचाच. सगळी झाडे एकाच झाडाची अंशे असल्यामुळे एका गावात ती एकदमच फुलतात. पहिले फूल उमलल्यापासून पूर्ण बहराला आठवडाभर लागतो आणि पुढच्या आठवड्यात पाकळ्या गळू लागतात. म्हणूनच प्रवाशाला तारखेची एवढी काळजी.

तारखेवरून आमच्या वहीतली खरी अडचण सांगितली पाहिजे. झाडे सूर्याच्या हिशेबाने फुलतात आणि आमचे सण चंद्राच्या. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तोक्योचा बहर ऐन रमजानात आला आणि २०२५ मध्ये ईदच्या तोंडावर. आम्ही तिन्ही वर्षी वही मिटून ठेवली. २०२६ पासून रमजान बहराच्या आधी संपतो आणि ही गाठ पुन्हा पडेल ती २०५५ च्या आसपास.

हीच अडचण आपल्या दख्खनच्या कारभाऱ्यांना सातशे वर्षांपूर्वी पडली होती. सारा घ्यायचा तर पीक हाती आले पाहिजे, पण हिजरी महिने ऋतूंशी जुळत नाहीत. यातून शुहूर सन निघाला. तो मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ मध्ये, सुरू झाला असे मानतात. आकडे अरबी, पण वर्ष सूर्याचे, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. म्हणूनच शेतकऱ्याने त्याला मृगसाल म्हटले. आदिलशाहीत तो चालला, शिवरायांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांतही चालला. मोडी कागदांवरचे इसन्ने, सलास, अर्बा, खमस हे शब्द म्हणजे अरबी अंकच. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. अरबी आकडा आणि मृगाचा पाऊस एका ओळीत लिहिणारी ही माणसे आपली पूर्वज. 'हंगाम' फारसी, 'मोसम' अरबी, आणि झाडाचा 'बहर' हा फारसीतल्या 'बहार'चा, म्हणजे वसंताचाच धागा. ऋतूबद्दल मराठीत बोलू लागलो की या भाषा आपोआप तोंडी येतात.

जपानही आपल्याला अगदीच परके नाही. भोपाळचे मौलाना बरकतुल्लाह १९०९ पासून काही वर्षे तोक्योत हिंदुस्थानी शिकवत होते. कोबे शहरातली मशीद १९३५ ची. ती उभारायला हिंदी व्यापाऱ्यांनी आणि तातार निर्वासितांनी वर्गणी दिली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आणि १९९५ च्या भूकंपातही ती टिकली. आमच्या वहीत कोबेचे नाव तांबड्या शाईने लिहिले आहे.

हे सारे आम्ही अम्मीला थोडे थोडे वाचून दाखवले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बादशाह थे वो." तिचे खरे होते. आमच्या आजोबांच्या पिढीचा मोठा प्रवास म्हणजे खेड्यातून शिकायला कोल्हापूर गाठणे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग उभारले म्हणून ते अनेकांना शक्य झाले. वडिलांच्या पिढीने नोकरीसाठी प्रवास केला. हौसेचा प्रवास करणारी आमची पहिलीच पिढी. त्याची लाज वाटायला नको, पण आधीच्या दोन पिढ्यांचे देणे विसरून तो करू नये, हे आम्हाला पटले. तेव्हा वहीचे पहिले पान फाडून नवे लिहिले. त्यावर अम्मीच्या हजचा हिशेब आला. जपान मागच्या पानांवर गेले.

त्या फाल्गुनात आम्ही अम्मीला घेऊन पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. उतारावर पळस पेटला होता. पान एक नाही, सारे झाड केशरी. तीन दरवाजावरचा पहिल्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला फारसी शिलालेख पाहिला. आमच्यापैकी एकालाही तो वाचता आला नाही. सातशे वर्षांच्या घरातले कागद आपल्याला वाचता येत नाहीत, मोडीही नाही आणि फारसीही नाही, याची बोच फुले पाहतानाही राहिली. मात्र अम्मी रमली होती. खाली पडलेली पळसाची फुले तिने ओढणीत वेचली. लहानपणी तिची आई या फुलांच्या पाण्यात पांढरे कापड रंगवायची, ही आठवण तिने आम्हाला पहिल्यांदाच सांगितली.

परतताना गाडीत तिने वही मागितली आणि मागच्या कोऱ्या पानावर तारीख घालायला सांगितली. क्योतोच्या त्या रोजनिशीवाल्यांची गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती. आम्ही इसवी तारीख लिहिली, खाली हिजरी लिहिली आणि हौसेने शुहूर सनही मांडला. पुढे फक्त 'पळस, पन्हाळा' एवढेच. तेव्हापासून दरवर्षी एक ओळ वाढते. हजच्या पानावरही रक्कम हळूहळू वाढते आहे. ते पान पूर्ण झाले की आम्ही मागचे पान उघडू.