रंगाऱ्याचे कुंड आणि धमनीचा दाह

श्रोतेहो, देवगाव रंगारी या नावातच रंगाऱ्याचा धंदा नांदतो आहे. आजचा विषय धमनीरोगाचा असला, तरी त्याचा इतिहास रंगाच्या कुंडाशी जोडलेला आहे.

धमनीच्या भिंतीतील विकृती हा मूलतः दाहच होय, असे जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५६ साली प्रतिपादन केले. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांच्या मते दाह हा मागाहून येणारा परिणाम होता. पुढे पॉल एर्लिख यांनी कापडाच्याच कृत्रिम रंगांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करून दाखविले. १८९६ साली सूदान रंगाने पेशीजालातील चरबीही दिसू लागली. १९१३ साली रशियात आनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून धमन्यांत तशीच विकृती निर्माण केली. झाले! चरबीला मखरात बसविले गेले आणि दाह बिचारा अडगळीत पडला. १९९९ साली रसेल रॉस यांनी हा रोग दाहाचाच आहे, असे पुन्हा ठासून सांगितले.

पण दाह पेटवितो कोण आणि विझवितो कोण? याचा एक धागा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत सापडला. १९९३ साली अँब्रोस आणि रव्हकुन यांनी त्यात सूक्ष्म-आरएनए शोधला. सुमारे बावीस अक्षरांची ही चिठ्ठी स्वतः प्रथिन घडवीत नाही. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला मात्र अडविते. या शोधाला २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी १२६ क्रमांकाचा रेणू धमनीच्या अस्तरावर पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारे प्रथिन कमी करतो, हे २००८ साली दिसले. १५५ क्रमांकाचा मात्र दुतोंडी निघाला: २०१२ सालीच उंदरांवरील एका प्रयोगात तो रोग वाढविणारा ठरला, तर दुसऱ्यात तो नसताना रोग वाढला!

२०१७ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत, चरबी कमी न करता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने पुढचे झटके घटले. पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. फिर्खोंचा पक्ष सिद्ध झाला, आणि दाह हा शरीराचा राखणदारही आहे, हेही कळले. राखणदाराला सरसकट झोपविता येत नाही. म्हणूनच नेमक्या चिठ्ठीचा शोध चालू आहे. धमनीरोगावर तसे औषध अजून नित्याच्या उपचारात आलेले नाही.

तोवर तंबाखू सोडणे आणि रक्तदाब तपासून घेणे आपल्या हाती आहे. रंग चढायला वेळ लागतो; पण कापड आधी स्वच्छ धुवावे लागते, हे रंगाऱ्याच्या गावाला मी काय सांगावे?