यंत्राचे ग्रामण्य

मोहगावच्या अर्धनारीश्वराचे दर्शन घेऊन परतताना एका परिचित गृहस्थांनी मला वाटेत गाठले. “वकीलसाहेब, मुलासाठी नागपुराहून वापरलेला गेम कन्सोल आणला. घरी तो चालतो. पण इंटरनेटवर इतरांबरोबर खेळू देत नाही. कंपनीने त्याला कायमची बंदी घातली आहे म्हणे. आमच्या पोराचा काय अपराध?”

प्रश्न साधा होता. उत्तरासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

कन्सोलच्या अंतरंगात फर्मवेअर नावाची मूळ आज्ञावली असते. खेळावर कंपनीची मोहोर आहे की नाही, हे ती आरंभीच तपासते. फर्मवेअर बदलणारा मनुष्य या द्वारपालालाच फितवतो. मग चोरलेली प्रतही आत येते आणि एखाद्या हौशी तंत्रज्ञाने स्वतः रचलेला निर्दोष खेळही.

हा वाद न्यायालयांपुढे गेला. २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयाने प्लेस्टेशनमध्ये अशी चिप बसविणाऱ्या स्टीव्हन्सच्या बाजूने व सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. २०११ साली प्लेस्टेशन ३ची गुप्त किल्ली प्रसिद्ध करणाऱ्या जॉर्ज हॉट्झवरील सोनीचा दावा तडजोडीने मिटला. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. ‘हेतूने’ हा शब्द येथे महत्त्वाचा होय.

परंतु कंपन्या निकालासाठी थांबल्या नाहीत. नोव्हेंबर २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेले एक्सबॉक्स ३६० आपल्या जाळ्यातून एकदम बाहेर काढले; वृत्तपत्रांनी हा आकडा दहा लाखांपर्यंत सांगितला. निन्टेन्डो स्विचमध्ये तर प्रत्येक यंत्राचे स्वतंत्र ओळखपत्रच असते. बंदी त्या यंत्राला चिकटते. मालक बदलला तरी ती सुटत नाही. यंत्र तुमचे, जाळे त्यांचे, असा हा करार आहे. आणि प्रामाणिक खेळाडूंस लबाडांपासून वाचवावे, हे कंपन्यांचे म्हणणेही खोटे नाही.

तथापि, एक तुलना मनातून जात नाही. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. ती रूढी गेली, हे उत्तमच झाले. पण त्या प्रकरणातही शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले, आरोपितांचे म्हणणे ऐकले गेले आणि परतण्यास प्रायश्चित्ताची वाट होती. यंत्राच्या ग्रामण्यात निकाल आधी लागतो; दाद मागावयाची ती नंतर. शिवाय ज्याने फेरफार केला तो यंत्र विकून मोकळा होतो आणि वाळीत पडते ते न पाहिलेल्या तिसऱ्याचे मूल. बंदी घालण्याचा अधिकार मान्य केला, तरी निरपराध खरेदीदारास आपली बाजू मांडता आली पाहिजे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

गृहस्थांना मी म्हणालो, “तुमची खरी तक्रार विक्रेत्याविरुद्ध आहे. त्याने दोष लपविला. तो व्यापारी असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येईल. पुढे असे यंत्र घ्याल तेव्हा पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच ते जाळ्याशी जोडून पाहा. बरे, पावती आहे ना?”

गृहस्थ काहीच बोलले नाहीत.