टेबल कोणीं फिरविलें?

१८५३ सालीं लंडनमधील सुशिक्षित घराघरांतून एका नव्या खेळाचें वेड पसरलें. रात्रीचें जेवण आटोपलें कीं, यजमान व पाहुणे एका टेबलाभोंवतीं बसत, दोन्ही हातांचे पंजे त्यावर हलकेच टेंकवीत आणि वाट पाहत. कांहीं वेळानें टेबल थरथरे, एका बाजूस कलूं लागे आणि पुढें तर गरगर फिरे. ढकलतो कोण, असें विचारलें तर प्रत्येकजण शपथेवर सांगे कीं, आपण केवळ हात ठेवला आहे. अमेरिकेंत १८४८ सालीं फॉक्स नांवाच्या बहिणींनीं टकटक आवाजांच्या द्वारें मृतात्म्यांशीं संभाषण केल्याचा बोभाटा झाला होता. त्याच लाटेबरोबर हा प्रकार युरोपांत आला. कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे चुंबकशक्ति, कोणी म्हणे पिशाच्चें. एका धर्मोपदेशकानें तर हें सैतानाचें कृत्य होय, असें प्रतिपादन करणारें पुस्तकच छापलें.

वीज व चुंबक यांचें नांव निघालें कीं, लोकांची दृष्टि साहजिकच मायकेल फॅराडे याजकडे वळे. चुंबकाच्या साहाय्यानें वीज निर्माण करतां येते, हें १८३१ सालीं सिद्ध करणारा हा शास्त्रज्ञ लोहाराचा मुलगा होता. त्याचें शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतें झालें. चौदाव्या वर्षीं तो पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला आणि बांधावयास येणारीं पुस्तकें वाचूं लागला. त्यांत जेन मार्सेट या विदुषीनें रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें एक सुबोध पुस्तक होतें. आपल्या ज्ञानाचा पाया त्या पुस्तकानें घातला, हें ऋण फॅराडे जन्मभर मानीत असे. पुढें १८१२ सालीं हंफ्री डेव्ही याचीं व्याख्यानें ऐकून त्यानें टिपणें काढलीं, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविलीं आणि १८१३ सालीं तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनीस झाला. शास्त्रीय ज्ञान सामान्य वाचकाच्या हातीं पडलें म्हणजे त्यांतून काय निपजूं शकतें, याचें हें बोलकें उदाहरण होय. फॅराडेनेंहि ही परतफेड मनापासून केली. तेथें १८२५ सालीं सुरू झालेल्या, मुलांसाठीं असलेल्या नाताळच्या व्याख्यानांपैकीं १९ माला त्यानें एकट्यानें दिल्या. मेणबत्तीसारख्या घरगुती वस्तूवरील त्याचीं व्याख्यानें १८६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं.

अशा माणसाकडे टेबलासंबंधीं पत्रांमागून पत्रें येऊं लागलीं, तेव्हां त्यानें प्रश्न झिडकारला नाहीं. टेबल फिरविण्यांत वाकबगार आणि सचोटीविषयीं ख्याति असलेल्या कांहीं व्यक्तींना त्यानें निवडलें. प्रथम कांच, लाकूड, पुठ्ठा, रबर, चिकणमाती असे नाना पदार्थ त्यानें हात व टेबल यांच्या मध्यें ठेवून पाहिले. टेबल फिरावयाचें तें फिरलेंच. परंतु विजेचा किंवा चुंबकाचा मागमूसहि कोठें लागला नाहीं. आतां प्रश्न उरला तो अगदीं साधा होता: आधीं काय हलतें, हात कीं टेबल?

त्यानें पुठ्ठ्याचे कांहीं तुकडे एकावर एक रचले व मधून मऊ, चिकट अशा मेणाच्या गोळ्या लावल्या. जोर पडला असतां तुकडे किंचित सरकावेत, पण सरकल्यावर तसेच राहावेत, अशी ही योजना होती. तुकड्यांच्या कडा कोठें आहेत, हें कळावें म्हणून पेन्सिलीच्या खुणा केल्या. टेबल स्वतः फिरत असेल, तर तें हातांना ओढील आणि खालचा पुठ्ठा पुढें जाईल. हात टेबलाला ढकलीत असतील, तर वरचा पुढें जाईल. टेबल फिरल्यावर पाहतात तों वरचे पुठ्ठे पुढें गेलेले आणि खालचे मागें राहिलेले! हात आधीं निघाले होते, टेबल मागाहून.

यानंतरची युक्ति अधिकच मार्मिक होती. दोन पातळ फळ्यांच्या मध्यें कांचेचे रूळ घालून व त्या रबरी पट्ट्यांनीं बांधून त्यानें एक यंत्र केलें आणि गवताची एक लांब काडी त्यास दर्शक म्हणून जोडली. वरची फळी तिळभर सरकली तरी काडीचें टोंक स्पष्ट हलत असे. काडी दृष्टीआड ठेवली असतां टेबल पूर्वींप्रमाणेंच फिरे. तीच काडी बसणारांच्या डोळ्यांसमोर आणली कीं, टेबल जागचें हलत नसे. कारण आपला हात एका बाजूस जोर करीत आहे, हें ज्याचें त्याला दिसे आणि तो आपोआप सांवरला जाई. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें म्हणतात. परंतु येथें हाताची चाल त्याच्या धन्यास दाखवावयास आरसाच लागला!

या प्रयोगांत कोणी लबाड ठरला नाहीं, हेंच त्याचें मर्म. एखादी गोष्ट घडणार अशी मनांत अपेक्षा धरली कीं, स्नायु नकळत तिला अनुसरून हलतात. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञानें १८५२ सालीं हा सिद्धांत मांडला होता. फ्रान्समध्यें शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानें हातांतील लोलकाच्या बाबतींत १८३३ सालींच असें दाखविलें होतें कीं, डोळे बांधले म्हणजे लोलकाचे झोंके थांबतात.

फॅराडेनें आपला निष्कर्ष ‘टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध केला आणि कोणासहि पाहतां यावें म्हणून यंत्र एका दुकानांत मांडून ठेवविलें. तरीहि वेड ओसरलें नाहीं. उलट अनेकांनीं त्यालाच दूषणें दिलीं. १८५४ सालीं मनाच्या शिक्षणावर व्याख्यान देतांना त्यानें खेदानें सांगितलें कीं, समाजाच्या निर्णयशक्तीला वळण लागलेलें नाहीं आणि तें लागलें नाहीं, याचीहि समाजास जाणीव नाहीं. आपणांस जें हवें तेंच खरें मानण्याच्या प्रवृत्तीशीं प्रत्येकानें स्वतःच झगडावें, हा त्याचा उपदेश होता.

पुढें प्लँचेटच्या रूपानें हाच प्रकार महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांतहि शिरला. परंतु नकळत हलणाऱ्या हाताची कथा नेहमींच करमणुकीची नसते. १९९० नंतर अमेरिकेंत, बोलूं न शकणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांजकडून अक्षरें टंकविण्याची एक पद्धति फैलावली. मुलें सुंदर वाक्यें लिहितात, हें पाहून आईबापांना आनंदाश्रु आवरेनात. मग शास्त्रज्ञांनीं मुलाला एक चित्र व हात धरणाऱ्या मदतनिसाला दुसरें चित्र दाखविलें. उत्तर उमटलें तें मदतनिसानें पाहिलेल्या चित्राचें! मधल्या काळांत अशाच लिखाणाच्या आधारें कांहीं आईबापांवर अत्याचाराचे खोटे आरोप होऊन कुटुंबें उध्वस्त झालीं होतीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें ठराव करून, या पद्धतीस शास्त्रीय आधार नसल्याचें जाहीर केलें. ते मदतनीसहि बहुतेक प्रामाणिक व प्रेमळच होते.

प्रामाणिकपणा हें मोठें भूषण खरें. परंतु तो प्रमाणाची जागा घेऊं शकत नाहीं. शास्त्र सोपें करून सांगण्याचें प्रयोजन नवलाच्या गोष्टींनीं वाचकाला रिझविण्यापाशीं संपत नाहीं. आपलाच हात कोठें झुकतो आहे, हें ज्याला त्याला स्वतः पाहतां यावें, अशी एक गवताची काडी त्याच्या समोर धरणें, हेंच त्याचें खरें कार्य होय.